सोळा इंची मशीन दुकानातच राहू द्या

प्रश्न : आमचं घर सांगलीत विश्रामबागला आहे. पुढे 15 बाय 20 फुटांचं मेक्सिकन लॉन आहे आणि कंपाउंडच्या भिंतीलगत साडेतीन फूट रुंद, 22 फूट लांब अशी पट्टी. खाली आपली काळी मातीच. माळीमामा महिन्यातून एकदा पेट्रोलचं, नायलॉन दोरीचं मशीन आणून कापून देतात, पण त्यानंतर आठ-दहा दिवस सगळं लॉन पिवळं दिसतं. आता हाताने ढकलायचं सिलिंडरचं मशीन घ्यावं म्हणतोय. सासरे सत्तरीचे आहेत, 'रोज सकाळी मीच फिरवीन' म्हणतात. दुकानदार 16 इंची घ्या म्हणतो, ऑनलाइन 12 इंची हलकं प्लास्टिकचं मिळतंय. चाकाचं की रोलरचं, हाही घोळ आहेच. काय घ्यावं? आणि धार कोण लावून देतं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी पिवळेपणाचं बघू, कारण त्यातच तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आहे. मेक्सिकन गवताची हिरवी पानं वरच्या थरातच असतात, खाली नुसत्या काड्या आणि वाळका भुसा. महिनाभर वाढलेलं गवत एकदम बुडाशी आणलं की हिरवा थर निघून जातो आणि काड्या उघड्या पडतात. तेच तुम्हाला पिवळं दिसतं. त्यात नायलॉनची दोरी गवताला कापत नाही, झोडते. टोकं फाटतात आणि दोन दिवसांत पांढुरकी होतात.

फाटक्या टोकांचा दोष सिलिंडरचं मशीन पुरता घालवेल. महिन्याच्या अंतराचा दोष मात्र कुठलंच मशीन घालवत नाही, तो घरातल्यांनीच घालवायचा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त छाटायचं नाही, हे धरून चाला. लॉन 1 इंचावर राखायचं असेल तर दीड इंच झालं की कापायला हवं. पावसाळ्यात ही वेळ साधारण आठवड्याने येते, थंडीत गवत मंदावतं तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी. एवढं जमणार नसेल, म्हणजे पावसाळ्यात घर महिना-महिना बंद राहत असेल, तर हे मशीन घेऊच नका. माळीमामा बरे.

असं का, ते मशीनच्या रचनेतच आहे. आडव्या सिलिंडरवर तिरकी बसवलेली पाच-सहा पाती फिरतात आणि त्यांच्या खाली एक स्थिर पातं असतं. फिरतं पातं गवत ओढून स्थिर पात्यावर आणतं आणि दोघांच्या मध्ये ते कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. घरगुती मशीनच्या सिलिंडरचा व्यास 5-6 इंच असतो. गवत त्याच्या निम्म्याहून उंच झालं, म्हणजे 3 इंचांच्या आसपास गेलं, की मशीन त्याला पोटात घेण्याऐवजी पुढे आडवं पाडतं आणि वरून निघून जातं. मागे वळून बघावं तर गवत पुन्हा उभं. लव्हाळ्याची तुरे धरलेली काडी तर 3 इंचांच्या आतही अशीच निसटते. लव्हाळा गाठीसकट उपटूनच काढावा लागतो, त्याला मशीनचा इलाज नाही.

आता माप. दुकानदाराचा हिशेब असा की रुंद मशीन म्हणजे कमी फेऱ्या. मांडून बघू. दोन फेऱ्या एकमेकींवर 2 इंच चढवाव्या लागतात, नाहीतर मध्ये शेंडी राहते. म्हणजे 12 इंची मशीन प्रत्यक्षात 10 इंच कापतं आणि 16 इंची 14. तुमच्या 15 फूट रुंदीला 12 इंचीने 18 फेऱ्या लागतील, 16 इंचीने 13. फरक पाच फेऱ्यांचा, म्हणजे 100 फूट चालण्याचा. मिनिटभराचं काम. एवढ्यासाठी सत्तरीच्या माणसाच्या हातात एक तृतीयांशाने जास्त रुंद आणि त्या मानाने जड मशीन द्यायचं? मेक्सिकन दाट आणि तारेसारखं चिवट असतं. जेवढी रुंदी जास्त तेवढं एका वेळी जास्त गवत पात्यात येतं आणि तेवढा जोर खांद्यावर. शिवाय काळ्या मातीचं लॉन कधी पाटासारखं सपाट नसतं. उन्हाळ्यात माती आकसते, भेगा पडतात, पावसात फुगते, आणि दरवर्षी कुठेतरी नवा उंचवटा होतो. रुंद मशीनची दोन चाकं दोन उंचवट्यांवर चढली की मधला भाग कापला जात नाही, आणि चाकं खड्ड्यात उतरली की मधला उंचवटा खरवडून निघतो. अरुंद मशीन जमिनीच्या चढउताराबरोबर जातं. तुम्ही 12 इंचीच घ्या.

पण ऑनलाइनचं ते हलकं 12 इंची नको. सहा-सात किलोची, प्लास्टिकच्या चाकांची मशीनं मऊ गवताला छान चालतात. तुमच्याकडे सिलेक्शन वन जातीचं गवत किंवा साधी हरळी असती तर अडवलं नसतं. मेक्सिकनवर मात्र ती उड्या मारतात. वजन नसल्यामुळे चाकं दाट गवतावर तरंगतात, जमीन धरत नाहीत, आणि पात्यात गवत अडकलं की चाक फिरायचं थांबून नुसतं घसरत जातं. लोखंडी बॉडीचं, रबरी टायरचं, धातूच्या गिअरचं मशीन जड वाटतं, पण त्याचा जडपणाच चाकाला पकड देतो. पाच पाती पुरेत. सात-आठ पात्यांची मशीनं पाऊण इंचाच्या खाली, क्रिकेटच्या किंवा गोल्फच्या मैदानावर शोभतात. इंचावरच्या दाट गवतात त्यांची पाती इतकी जवळ पडतात की मध्ये गवत कोंबलं जातं.

चाकाचं की रोलरचं? चाकाच्या प्रकारात बाजूची दोन चाकं सिलिंडर फिरवतात आणि मागची लहान रोलर नुसती टेकू असते. रोलरच्या प्रकारात मागचा जाड रोलरच चेनने किंवा गिअरने सिलिंडर फिरवतो. रोलरवाल्याचा फायदा उघड आहे, बाजूला चाक नसल्याने ते वाफ्याच्या कडेपर्यंत कापतं. पण ते वजनाला भारी, किमतीला जास्त, आणि काळी माती जरा ओली असली की रोलरला चिखलाचा थर चढून तो घसरायला लागतो. सांगलीच्या मातीत चार महिने ही कटकट कोण करणार? चाकाचंच घ्या. त्याचा तोटा एकच, भिंतीलगत चाकाच्या रुंदीएवढी, दोन-तीन इंचांची पट्टी न कापलेली राहते. त्यावरही उपाय आहे. भिंतीला लागून 22 फूट लांबीत 6 इंच रुंदीच्या शहाबादी फरशीच्या पट्ट्या बसवून घ्या, माती धरून अगदी समपातळीत. चाक फरशीवरून जाईल आणि पातं गवताच्या कडेपर्यंत पोचेल. फरशी वर उचललेली राहिली तर मात्र एक दिवस स्थिर पातं तिच्यावर आपटेल, आणि त्या आवाजानंतर दुरुस्तीचाच खर्च. गवंड्याला हे आधी बजावून सांगा.

लॉनच्या सपाटीबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. हे यंत्र 1830 मध्ये इंग्लंडमधल्या एडविन बडिंगने काढलं, तेही लोकरी कापडाची लव कापणारं गिरणीतलं यंत्र बघून. कापडासारखी सपाट जागा ही त्याची मुळातलीच अपेक्षा आहे. गवंड्याकडची 5 फुटी अॅल्युमिनियमची पट्टी लॉनवर आडवी-उभी ठेवून बघा. पट्टीखाली अर्ध्या इंचाहून जास्त फट दिसेल तिथे भर घालावी लागेल. दोन घमेली चाळलेली वाळू, एक घमेलं पूर्ण कुजलेलं चाळलेलं शेणखत आणि एक घमेलं माती असं मिश्रण करा आणि एका वेळी पाव इंचच पसरा, गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. जास्त घातलं तर खालचं गवत गुदमरून कुजतं. खोल खड्डा असेल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा. पाऊस लागून गवत जोरात आलं की हे काम करावं. सगळ्या लॉनवर पाव इंच द्यायचं म्हटलं तर साधारण 8 घनफूट, म्हणजे पंधरा-सोळा घमेली लागतील, पण बहुतेक ठिकाणी खड्ड्यापुरतंच पुरतं. उन्हाळ्यातल्या भेगाही याच मिश्रणाने बुजवा, नुसत्या मातीने नको, ती पुन्हा आकसते.

दुकानात जाताना वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापून न्या. मशीन उलटं ठेवायला सांगा आणि दुकानदाराला चाक पुढच्या दिशेने अगदी हळू फिरवू द्या. तुम्ही पट्टीचं टोक फिरत्या पात्याच्या आणि स्थिर पात्याच्या मध्ये धरा, बोटं वीतभर लांब ठेवून. डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला, तिन्ही ठिकाणी कागद कात्रीने कापल्यासारखा तुटला पाहिजे. एका टोकाला कागद नुसता दुमडला तर घाबरू नका, स्थिर पात्याचे त्या टोकाचे स्क्रू जुळवायचे राहिलेत. नवी मशीनं बरीचशी अशीच येतात. दोन्ही टोकांना कापतं पण मध्ये दुमडतं, तर पातं वाकलेलं आहे, ते मशीन परत ठेवा. एका पात्याने कापतं आणि पुढच्याने नाही, तर सिलिंडरच गोल नाही. तेही परत. दुकानदार म्हणेल, 'वापरता वापरता बसतं.' बसत नाही.

मग सिलिंडरची दांडी दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवा. खडखड झाली तर बेअरिंगमध्ये ढिलाई आहे. बॉल बेअरिंग असावं, नुसतं बुश (धातूची साधी नळी) नको. मशीन जमिनीवर ठेवून पुढे ढकला, वीतभर जायच्या आत सिलिंडर फिरायला लागलं पाहिजे. मागे ओढलं की दोन्ही चाकांतून सायकलच्या फ्रीव्हीलसारखी टिकटिक यावी. एकाच बाजूने आली तर दुसऱ्या चाकातला खटका अडकलाय किंवा बसवलेलाच नाही. स्थिर पातं स्क्रूने बसवलेलं हवं, रिबिटने ठोकलेलं नको, कारण चार-पाच वर्षांत ते बदलावंच लागतं. तेच पातं, पिनियन (चाकाच्या आतलं लहान दातेरी चाक) आणि खटका सुटा मिळतो का, हे तिथेच विचारून घ्या. मिळत नसेल तर स्वस्त असलं तरी सोडा.

दांडा किती उंच येतो तेही बघा, आणि हे सासऱ्यांना सोबत नेऊनच बघा. धरल्यावर हात बेंबीच्या पातळीला आणि कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. दांडा खाली असला तर माणूस कमरेतून वाकतो आणि तिसऱ्या फेरीलाच थांबतो. उंची बदलण्यासाठी भोकं असलेलं दांड्याचं मॉडेल मिळालं तर उत्तम. कापायची उंची बदलायची सोय किमान अर्धा ते दीड इंच हवी.

आता सासऱ्यांची रोज सकाळची हौस. रोज कापायची गरज नाही, उलट रोज चाकं त्याच जागी फिरली तर माती दबते. लॉन दोन भागांत वाटा. एका दिवशी अर्धं, दोन दिवसांनी उरलेलं, आठवड्यात एकदा पट्टी. हात मोकळे राहतील आणि दमणूकही नाही. थंडीत दव असतं, ओलं गवत रोलरला चिकटतं आणि पात्यात गोळा होतं, म्हणून उन्हं वर आल्यावर, नऊच्या पुढे. एप्रिल-मेमध्ये दव नसतं, तेव्हा लवकर आटपावं आणि उंची एक घर वर ठेवावी, दीड इंचापर्यंत. पावसाळ्यात उघडीप मिळाली तरी आधी लॉनवर टाच दाबून बघा. टाचेचा खड्डा उमटला तर त्या दिवशी मशीन काढायचं नाही.

सुरुवात थेट इंचावर करू नका. सध्याच्या उंचीपेक्षा जरासंच खाली लावून एकदा फिरवा, पाच-सहा दिवसांनी एक घर खाली, असं करत तीन-चार वेळांत इंचावर या. एकदम उतरलात तर पुन्हा तोच पिवळेपणा. गवत 3 इंचांवर गेलं असेल तर आधी कात्रीने किंवा विळ्याने 2 इंचांवर आणा. चालायचं सरळ, एका चालीने. पुढे-मागे हिसके देत कापलं तर लॉनवर लाटा उठतात, आणि मागे ओढताना तसंही काही कापलं जात नाही. एक खेप उभी घातली तर पुढची आडवी घाला, म्हणजे एकाच दिशेला कललेलं गवतही सुटणार नाही. आठवड्याच्या आठवड्याला कापलं तर बारीक कातरण तिथेच राहू द्या, जिरून जातं. पंधरा दिवसांनी कापलं तर खराट्याने गोळा करा, नाहीतर मेक्सिकनखाली आधीच असलेल्या भुशात भर पडते आणि पाणी मुळांपर्यंत जात नाही.

कापायच्या आधी एक चक्कर खडे, काटक्या, नातवंडांची खेळणी उचलायला. आणि एक गोष्ट सासऱ्यांना जरूर सांगा. वीज नाही, पेट्रोल नाही, म्हणून हे मशीन निरुपद्रवी समजू नये. पात्यात काडी अडकली की माणूस सवयीने हात घालतो, काडी निघते आणि अडकून ताणलेलं सिलिंडर सुटून पाव चक्कर फिरतं. तेवढ्यात बोटाचं पेर जाऊ शकतं. मशीन आडवं करायचं, चाकावर पाय ठेवायचा आणि काठीनेच काडी ढकलून काढायची.

काम झालं की पाण्याने धुवायचं नाही. ब्रशने गवत झाडून पात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवायचा आणि दांडीच्या दोन्ही टोकांच्या तेलाच्या भोकांत दोन-दोन थेंब सोडायचे. चाकाच्या आतल्या पिनियनला ग्रीस भरभरून लावायचा मोह होतो, पण तो टाळा. ग्रीसमध्ये गवताचा भुसा बसून खटका चिकटतो आणि ते चाक सिलिंडर फिरवायचं सोडून देतं. मशीन एका बाजूला ओढू लागलं तर बहुधा हेच झालेलं असतं. चाक काढा, रॉकेलने साफ करा, पातळ तेल द्या.

राहिली धार. 'धार गेली' म्हणून येणाऱ्या मशीनपैकी बरीचशी नुसती ढिली झालेली असतात. आधी कागदाची पट्टी लावा. स्थिर पात्याच्या प्रत्येक टोकाला दोन स्क्रू असतात, एक सैल करायचा आणि समोरचा तेवढाच आवळायचा, एका वेळी चक्राचा आठवा भाग. डावं, उजवं असं आलटून पालटून, कागद कापायला लागेपर्यंत. कागद कापला की थांबा. आणखी आवळलं तर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो, ढकलायला जड जातं आणि दोन्ही पाती झिजतात.

नीट बसवूनही कागद चुरगळतच असेल तर पेस्टने घासायचं. मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात व्हॉल्व्ह लॅपिंग पेस्टची डबी मिळते, तिच्यातला जाड कणांचा भाग वापरायचा. चाकं काढून डाव्या-उजव्या पिनियनवर खुणा करा आणि ती खटक्यासह अदलाबदल करून बसवा. बऱ्याच मशीनमध्ये मग चाक मागे फिरवलं की सिलिंडर उलटं फिरतं. लांब दांड्याच्या ब्रशने पात्यांच्या कडांना पेस्ट लावा, मशीन उलटं ठेवून चाक पाचेक मिनिटं मागच्या दिशेने फिरवत राहा, मध्ये मध्ये पेस्ट देत. प्रत्येक पात्याच्या कडेला टोकापासून टोकापर्यंत एकसारखी करडी रेघ दिसली की झालं. रॉकेलने पेस्टचा कणन्‌कण धुवा, कारण बेअरिंगमध्ये शिरलेली पेस्ट बेअरिंगच खाते. पिनियन जागच्या जागी बसवा, स्थिर पातं पुन्हा जुळवा, कागद लावा. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, एवढं पुरतं.

खड्याने खाच पडली तर ती कुठे आहे ते लॉनच सांगतं. चालायच्या दिशेने सलग बारीक रेघ राहत असेल तर खाच स्थिर पात्यात आहे, ठरावीक अंतरावर झुबके राहत असतील तर फिरत्या पात्यात. खाचेच्या कडेला वर आलेलं लोखंड बारीक कानशीने सपाट करा. खाच स्वतः घालवायच्या मागे लागू नका.

धारवाल्याकडे मशीन देऊन तो एकेक पातं फिरत्या दगडावर हाताने घासणार असेल, तर परत आणा. पाती कमी-जास्त झिजली की सिलिंडरचा गोल मोडतो आणि मग कुठलंही पातं नीट टेकत नाही. पाच-सहा वर्षांनी ग्राइंडिंगची वेळ आलीच तर कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत सिलिंड्रिकल ग्राइंडर असलेलं वर्कशॉप गाठा, सिलिंडर दांडीसकट न्या आणि सगळी पाती एका व्यासात घ्यायला सांगा. स्थिर पातं त्याच खेपेला सरफेस ग्राइंडरवर घेऊन टाका, आणि त्याची जाडी दोन मिलिमीटरच्या आत आली असेल तर घासायच्या भानगडीत न पडता नवंच बसवा.